पान नाही, मामांना विचारा

चाकणला आमच्या कंपनीत गाड्यांना लागणारे रबराचे बुश बनतात. मी तिथे ऑफिसात आहे, म्हणजे ज्या कामाला माणूस नाही ते काम माझं. वेबसाइट अशीच माझ्या गळ्यात पडली. मी ती नव्यानं केली, सगळ्या पानांचे पत्ते बदलून छान सुटसुटीत केले आणि एक बारीकशी गोष्ट विसरले. आमच्या प्रत्येक खोक्यावर एक चौकोनी कोड छापलेला असतो. तो मोबाइलवर स्कॅन केला की त्या मालाची माहिती उघडायची. आता ‘पेज नॉट फाउंड’ उघडायला लागलं.

साहेब चिडले, पण भलत्याच कारणानं. माझ्या चुकीचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. “दारात आलेल्या माणसाला आपण नाही म्हणून सांगतो?” ते म्हणाले. “गेटवरच्या मामांकडून शिका जरा.”

मामा आमचे वॉचमन, जवळच्याच कुरुळी गावचे. या पट्ट्यात जमिनीच्या गट नंबरावरून कंपनी शोधणारा ट्रकवाला हमखास चुकतो आणि आमच्या गेटवर येतो. मामा त्याला नुसतं ‘इथं न्हाई’ म्हणून कधी वाटेला लावत नसत. खुर्चीतून उठून त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत जात आणि वाट दाखवत, तीही बहुधा आता नसलेल्या खुणांनी. पाडलेली टपरी, तोडलेली चिंच. तरी ट्रकवाले पोचायचे. कसे, ते मला कधीच कळलं नाही.

मग मी ते ‘पेज नॉट फाउंड’चं पानच सजवायला बसले. आधी हेल्मेट घातलेला, डोकं खाजवणारा रोबो केला. मग ‘पान ओव्हरटाइमला गेलंय’ असं लिहिलं. माझं मलाच हसू आलं, साहेबांना आलं नाही. शेवटी वैतागून लिहिलं: ‘हे पान इथे नाही. काय हवंय ते आमच्या मामांना विचारा.’ खाली गेटवरचा नंबर. साहेब खूश झाले. मामांना विचारावं हे मात्र कुणालाच सुचलं नाही.

फोन सुरू झाले. मामा शांतपणे खोक्यावरचा नंबर विचारून घेत, स्टोअरमध्ये जाऊन चौकशी करत आणि उलट फोन करून सांगत. गिऱ्हाइकं त्यांना नावाजू लागली. त्याच सुमारास मॅनेजरांच्या मनात गेटचं काम सिक्युरिटी एजन्सीला द्यायचं होतं. मामांचं वय झालं होतं. साहेब म्हणाले, “फोन कोण घेणार मग? सध्या राहू दे.” हे माझ्या कानावर आलं होतं. आलं नव्हतं असं म्हणायला मला आवडलं असतं.

पण वेबसाइटच्या रिपोर्टात चुकांचा आकडा लाल दिसायचा आणि तो मला डाचायचा. एका शनिवारी बसून मी प्रत्येक जुना पत्ता नव्या पानाला जोडून टाकला. लाल आकडा शून्यावर आला. सोमवारच्या मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. पुढचा विषय गेटचा होता. “आता फोनही येत नाहीत,” मॅनेजर म्हणाले आणि साहेबांनी मान हलवली. मी समोरचा चहा संपवला.

शेवटच्या दिवशी मामा फोन आणि चार्जर जमा करायला ऑफिसात आले.

“ताई, फोन गपच झाला की. समदं नीट लावलं म्हनं तुमी.”

“हो मामा.”

“ब्येस झालं. आता कुनी चुकायचं न्हाई.”

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. मला माझीच लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

परवा गेटवर एक ट्रक आला. नव्या गार्डनं ‘यहाँ नहीं है’ म्हटलं आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. नियमानं त्याचं काही चुकलं नव्हतं. मी खिडकीतून पाहिलं, उठले आणि ड्रायव्हरबरोबर रस्त्यापर्यंत चालत गेले. त्यानं गट नंबर सांगितला. मी हात वर केला, पण कुठल्या बाजूला दाखवायचं ते मला माहीत नव्हतं.