वहिनींनी घेतलेली मुलाखत

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, चोरीला साधा चमचासुद्धा गेला नव्हता. तरी कुणी "काका, एखादी केस सांगा ना" म्हटलं, की मला पहिली तीच आठवते. नाव मात्र कुणाचंच सांगणार नाही. हर्नडनच्या आसपास आपली माणसं एकमेकांना फार ओळखतात.

मी मूळचा साताऱ्याकडचा, पण नोकरी सगळी इथे व्हर्जिनियात, काउंटी पोलिसांत झाली. शेवटची वर्षं डिटेक्टिव्ह होतो. ठाण्यात सकाळचं पहिलं काम म्हणजे फोनवर आलेल्या निनावी खबरा वाचायच्या. बहुतेक खबरा शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल असतात. त्या हिवाळ्यात आलेली ही खबर वेगळी होती. एका मराठी बाईंच्या रिअल इस्टेट ऑफिसने नवी कॉम्प्युटर कन्सल्टंट नेमली आहे आणि ती रिकाम्या घरांचे कोड चोरांना विकते, असं त्यात म्हटलं होतं.

इकडे विकायला काढलेल्या घराच्या दाराला किल्लीची एक छोटी पेटी लटकवलेली असते. कोड जुळवला की ती उघडते आणि एजंट गिऱ्हाइकाला घर दाखवतो. खबर आली आणि पाठोपाठ त्याच ऑफिसची तीन रिकामी घरं सताड उघडी सापडली. आत सगळे दिवे चालू होते, हीटर चालू होता, पण गेलं काहीच नव्हतं.

कन्सल्टंट बाई नागपूरच्या होत्या. पस्तिशीच्या आतबाहेर, चांगली नोकरी सोडून स्वतःचा धंदा नुकता उभा केलेला. सगळे कोड नव्या सिस्टिममध्ये त्यांनीच भरले होते, त्यामुळे संशय त्यांच्यावरच येणार. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांना तेवढं पुरलं. त्यांची बाकीची गिऱ्हाइकं एकेक करून गळायला लागली.

"सर, कोर्टात मी सुटेन," जबाब देताना त्या म्हणाल्या. "पण इथल्या पॉटलक जेवणांतल्या गप्पांमधून मला कोण सोडवणार? माझ्याकडे लोक त्यांचे पासवर्ड देतात. नाव गेलं की माझं दुकान बंद."

तपासाची कॉम्प्युटरची बाजू सायबर विभागातल्या माझ्या सहकाऱ्याकडे गेली. त्याच्याबद्दल आडपडदा कशाला? मला त्याचा हेवा वाटायचा. आम्ही बरोबर भरती झालो होतो. सायबर विभाग निघाला तेव्हा दोघांनीही मुलाखत दिली. त्याला काचेची केबिन मिळाली आणि मला ईमेल, की आपण रस दाखवल्याबद्दल आभार. त्याचा अहवाल आला: कन्सल्टंट बाईंखेरीज त्या तिन्ही घरांचे कोड कुणीही उघडून पाहिलेले नाहीत. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर केस संपल्याचं समाधान होतं. त्या समाधानाचा राग आला म्हणा, पण मी गाडी काढली आणि ती घरं पुन्हा बघायला गेलो.

बर्फ वितळावा म्हणून इथे रस्त्यांवर मीठ टाकतात. ते बुटांना लागतं आणि वाळलं की पांढरा ठसा उरतो. तिसऱ्या घरात, दारातून आत गेल्या गेल्या, पायपुसण्यावर असे दोन ठसे होते. शेजारी शेजारी, अगदी नीट. पुढे गालिच्यावर एकही नाही. म्हणजे आलेल्या माणसाने बूट काढून ठेवले होते! माझ्या उभ्या नोकरीत बूट काढून आत शिरणारा कुणी भेटला नव्हता. माणूस आपल्यातला होता, यात मला शंका उरली नाही. आणि ठसे माझ्या बुटांपेक्षा मोठे होते. कन्सल्टंट बाईंचे दोन्ही पाय त्यातल्या एकात मावले असते.

मी ऑफिसच्या मालकीणबाईंकडे गेलो. गावभर त्यांना वहिनीच म्हणतात.

"आधी कॉम्प्युटर कोण बघायचं?"

"आमचे भावोजी. ह्यांचे धाकटे भाऊ. ऑफिस सुरू केलं तेव्हापासून सगळं त्यांनीच केलं. वीकेंडला यायचे, काम करायचे, जेवून जायचे. एक डॉलर कधी घेतला नाही हो."

"मग बदललं का?"

"ऑफिस मोठं झालं ना. म्हटलं, आता प्रोफेशनली करू. तिघांना इंटरव्ह्यूला बोलावलं."

"आणि भावोजी?"

"तिसरे तेच! घरच्याला दिलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून सगळ्यांना सेम प्रश्न विचारले. टाय लावून आले होते. मला तर हसूच आलं."

"नकार कसा कळवलात?"

"ईमेल केला. तिघांतल्या दोघांना एकच. एकदम फेअर."

मला हसू आलं नाही. माझा जीव त्या टायमध्ये अडकला होता. ज्या वहिनीच्या हातची पोळी इतकी वर्षं हक्काने खाल्ली, तिच्यासमोर उमेदवार म्हणून बसायचं, आणि वर आभाराचा ईमेल! घरच्या माणसाला नाही म्हणता येतं. पण ते ताटावर बसवून म्हणावं, खुर्चीवर बसवून नाही.

भावोजींना चौकशीला बोलावलं. त्यांचे हक्क वाचून दाखवले, रेकॉर्डिंग सुरू केलं. पायांकडे नजर टाकली. बूट मोठे होते, पण मोठे पाय हा काही गुन्हा नव्हे. घरांबद्दल विचारलं की ते शांतपणे नकारार्थी मान हलवत. मग मी दुसरी वाट धरली. मला स्वतःला सगळ्यात जास्त काय झोंबतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मी कन्सल्टंट बाईंची स्तुती सुरू केली.

"काय सिस्टिम केली आहे हो त्यांनी! आमचे सायबरवालेसुद्धा बघत राहिले."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"आधी म्हणे सगळा घरगुती कारभार होता."

त्यांचे कान लाल झाले.

"आता त्यांच्याशिवाय कुणाला कोड मिळणं शक्यच नाही."

"तिच्याशिवाय?" ते ताडकन उभे राहिले. "तिची सिस्टिम हवीये कुणाला, यार? कोड कसे ठेवायचे ते मी ठरवलंय! घराचा नंबर उलटा वाचायचा, बस्स. अजूनही तेच चाललंय. तिने काय चेंज केलं? स्क्रीनचे कलर!"

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचं बोलणं ऐकू आलं. ते हळूच खाली बसले.

"मी काही घेतलं नाही, काका," ते म्हणाले. "दिवे लावले, हीटर लावला, दार उघडं टाकलं आणि निघालो. तुमच्याकडे खबरेचा फोनही मीच केला. वहिनीला फक्त कळायला हवं होतं, की..."

वाक्य तिथेच राहिलं. मी ते पुरं करू शकलो असतो.

कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला आणि समाजसेवेची शिक्षा झाली. वहिनींनी कन्सल्टंट बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरवलं.

"शाल नको," बाई म्हणाल्या. "जे मला सोडून गेले त्यांना फोन करा. तुम्ही नाही, तुमच्या दिरांनी करायचे. माझ्यासमोर."

साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं. भावोजींनी स्पीकर लावून एकेक फोन केला. "त्यांनी काही केलं नाही. सगळं मी केलं," एवढंच ते प्रत्येकाला सांगत होते. शेवटचा फोन एका डेंटिस्ट बाईंना होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि रोखठोक विचारलं, "ओके, ते समजलं. पण कामाला कशी आहे ती?"

"चांगली आहे."

"तुम्ही करायचात त्यापेक्षा?"

वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. भावोजींनी फोनकडे पाहिलं, मग कन्सल्टंट बाईंकडे.

"हो," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगली आहे."

डेंटिस्ट बाईंनी कन्सल्टंट बाईंना लगेच सोमवारी बोलावलं. बाकीचेही हळूहळू परत आले.

या केसने मला एक शिकवलं. निवड करणारा माणूस निवडलेल्याला हार घालतो आणि आपलं काम झालं असं समजतो. ज्याला निवडलं नाही त्याच्याजवळ जाऊन दोन मिनिटं बसावं, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. वहिनी बसल्या असत्या, तर त्या घरांतला एकही दिवा लागला नसता.

वय झालं की हेवा जातो म्हणतात. साफ खोटं आहे. माझ्या त्या सहकाऱ्याच्या निरोप समारंभात मला त्याच्याबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं. या केसची आठवण ताजी होती, भावोजींचं ते 'माझ्यापेक्षा चांगली आहे' मला तोंडपाठ होतं आणि ते त्याच्याबाबतीत खरंही होतं. मी माइक हातात घेतला आणि त्याच्या गोल्फबद्दल बोललो.