एसटीतली गणिताची शिकवणी

गणितात मी आजवर नापास झालो नाही. शाळेतच गेलो नाही, तर नापास करणार कोण?

दिंडोरीच्या एसटीत रोज एक पोरगी शेजारी बसायची. मास्तरीण व्हायला सातवीच्या पोरांना गणित शिकवून दाखवायची परीक्षा ती देणार होती. पुढच्या सीटवरच्या धुळीत बोटानं आकडे काढून मला समजवायची. "काका, तुम्हाला कळलं की पोरांना कळणारच."

वजाला वजानं गुणलं की अधिक होतं म्हणे. दोनदा वजा करून वाढतं कसं? डोकंच चालेना. पण तिचं तोंड बघून मी मुंडी हलवायचो. ती लय खूश व्हायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी म्हणाली, "आता तुम्ही मला समजवा."

"मॅडम, मी पहिल्या दिवशी अडकलोय, अजून तिथंच आहे."

तिचं बोट धुळीतच थांबलं. "मग महिनाभर मुंडी कशाला हलवली? तुमच्याकडं बघून मला वाटलं, मला शिकवता येतं!"