चूक हाय, सर

हे मी या वर्षापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही. ज्यांच्यासोबत रोज चहा पितो त्या सहकाऱ्यांनाही नाही. पन्नाशी जवळ आली. आता लपवून ठेवायचाही थकवा आलाय.

बीडला एम.एस्सी. गणिताचं पहिलं वर्ष. रिअल ॲनालिसिसचा तास. केसर फळ्यासमोर उभी होती, हातात खडू. सर खुर्चीत मागं रेलून बसले होते. त्यांनी विचारलं होतं, दोन संचांमधली एकास एक संगती म्हणजे काय? नोट्समधली व्याख्या इंग्रजीत होती, तीन ओळींची. केसरला ती येत होती. मला माहीत आहे, कारण आदल्याच दिवशी तिनं ती मला समजावली होती.

ती म्हणाली, "सर, समजलंय तसं सांगू का?"

"सांग की."

तिनं सांगितलं. मेंढरं दिवसभर रानात चरायला जातात. लहान कोकरं वाडग्यातच, काट्यांच्या कुंपणात, ठेवतात, त्यांना एवढं चालवत नाही. मेंढरं परत आली की कोकरं सोडायची. प्रत्येक कोकरू आपली आई हुडकून पिऊ लागतं. एखादं कोकरू ओरडत राहिलं तर त्याची आई रानात राहिली. एखादी मेंढी ओरडत राहिली तर तिचं कोकरू गेलं. "माझ्या बापाला इसाच्या पुढं मोजता येत न्हाई सर. पण एक बी कमी झालं तर त्याला कळतं. मोजत न्हाई तो. जुळवतो."

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "आन् जुळी झाली तं?"

वर्ग हसला. केसर हसली नाही. "मग ती संगती एकास एक राहत न्हाई," ती म्हणाली.

इतकं स्वच्छ उत्तर त्या वर्गात वर्षभरात कुणी दिलं नव्हतं. सरांनीही नाही.

सर म्हणाले, "तुझ्या बापाकडं अनंत मेंढरं हायेत का गं?"

आता हसणं थांबेना.

"न्हाईत सर. पण मोजल्याबिगर जुळवता येतं, तेवढंच सांगायले."

"हा एम.एस्सी.चा वर्ग हाय. वाडग्याचा वास इथपर्यंत आणू नको." मग ते वर्गाकडं वळले. "हिचं बरोबर हाय म्हणणारं कुणी हाय का?" सरांचं बोट माझ्यावर थांबलं. पोरांना ते गावाच्या नावानं हाक मारायचे. "तू रे, नेकनूर. हुशार हायस. तू सांग."

मी उभा राहिलो.

"चूक हाय, सर. डेफिनिशन न्हाई ती."

"बघ," सर तिला म्हणाले, "शेतकऱ्याच्या पोराला बी कळतंय."

मी शेतकऱ्याचा पोरगा नव्हतो. माझा बाप मेंढरंच राखायचा.

पहिल्या दिवशी सरांनी एकेकाला उभं करून नाव, गाव आणि बाप काय करतो ते विचारलं होतं. केसर माझ्या आधी होती. चकलांब्याची. "मेंढरं हायेत आमची," ती म्हणाली. सर म्हणाले, "मग इकडं कावून आलीस? कळपात कमी पडली का कुणी?" पोरं हसली. त्यानंतर माझी पाळी आली. मी म्हणालो, शेती. एक शब्द. तो तोंडातून कसा सहज गेला ते अजून आठवतं.

केसरला खरं माहीत होतं. तिच्या चुलत्याचा आणि आमचा कळप एका उन्हाळ्यात एकाच रानात बसला होता. मी खोटं बोललो तेव्हा ती माझ्यापासून दोन बाकांवर होती. तिनं मान वर केली नाही. पुढंही कधी कुणाजवळ बोलली नाही. एकदाच, बसस्टँडवर, म्हणाली, "दादा, तुज्या बापाला म्हाईत हाय का, तू त्याला शेतकरी केलास ते?" तिनं लगेच ॲनालिसिसची वही उघडली. "बरं, आण तुजा एप्सिलॉन."

तो विषय मला येत नव्हता. आज मी तोच शिकवतो, म्हणून हे लिहायला हात जड होतो. बी.एस्सी.पर्यंत गणित म्हणजे आकडेमोड होती. सूत्र टाका, उत्तर काढा. इथं उत्तरच नव्हतं. इथं सिद्ध करायचं होतं, आणि सिद्ध करणं म्हणजे काय ते कुणी सांगत नव्हतं. सर पिवळ्या पडलेल्या वहीतून सांगायचे, आम्ही उतरून घ्यायचो. दिलेल्या प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असतो. कुठून येतो, कुणाला ठाऊक. आमच्याकडं रीतच पडून गेली होती: सिद्धता शब्दन् शब्द पाठ करायची. 'लेट'च्या जागी 'सपोज' लिहिलं तरी गुण कापले जातात असं वरच्या वर्गातली पोरं सांगायची. मी पाठ करायचो. दोन पानांची सिद्धता मधल्या एका ओळीत अडकली की पुन्हा पहिल्यापासून. डोकं सुन्न व्हायचं. परीक्षेआधी जेवण जात नव्हतं.

केसर पाठ करायची नाही. बसस्टँडवर तिची गेवराईकडची गाडी यायची होती, माझी नेकनूरची. मधल्या वेळात ती मला शिकवायची. "डेल्टा तुला हुडकायचाय. तो एप्सिलॉन दील, तू डेल्टा द्यायचा. तो आणखी बारीक दील, तू आणखी बारीक द्यायचा. तो दमला पायजे, तू न्हाई." असं तिनं सांगितलं आणि मला पहिल्यांदा सीमा, म्हणजे लिमिट, कळली. मी तिच्याच डोक्यानं पास झालो. हे वाक्यही आज पहिल्यांदाच लिहितोय.

त्या तासानंतर ती माझ्याशी बोलली नाही. भांडलीही नाही. बसस्टँडवर दुसऱ्या बाकड्यावर बसायला लागली.

वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा होती. त्यात स्वतंत्र पास व्हावं लागायचं आणि ती सरांच्या हातात होती. केसरचा नंबर माझ्या आधी. मी दाराबाहेर उभा होतो. आतून सरांचा आवाज आला, "आज कोकरं न्हाई आणली का?" त्यांच्या शेजारी बसलेले कुणीतरी हसले. ती बाहेर आली आणि माझ्या अंगावरून गेली. मी आत गेलो, व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. सर म्हणाले, "शाब्बास."

ती नापास झाली. पुढच्या वर्षी आली नाही.

मी केजच्या एका कॉलेजात लागलो. कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर, मग कायम. पहिल्याच वर्षी एकास एक संगती शिकवताना पोरांचे चेहरे कोरे होते. माझाच चेहरा मला दिसला. आणि तोंडातून मेंढरं निघाली. कोकरं, आई, ओरडणं, सगळं. वर्गाला झटक्यात कळलं. तेव्हापासून दरवर्षी तेच. 'सरांचं मेंढराचं उदाहरण' म्हणून ते गाजलं. दुसऱ्या कॉलेजातले लोक वापरू लागले. मी कधी म्हणालो नाही की हे माझं नाही. सांगायचो तेही 'समजा एक मेंढपाळ आहे' असं. जणू तो मेंढपाळ कुठल्या तरी पुस्तकातला.

या वर्षी आमच्या कॉलेजात गणिताच्या शिक्षकांची कार्यशाळा झाली. शिकवण्याच्या पद्धतींची एक पुस्तिका छापायची होती, त्यात माझं उदाहरण पहिलं. प्रमुख पाहुणे म्हणून तेच सर आले. निवृत्त झालेले, काठी घेतलेली. मी उदाहरण सांगितलं. टाळ्या झाल्या. सर बसल्या जागेवरूनच माईक घेऊन म्हणाले, "हा माझा विद्यार्थी. शेतकऱ्याचं पोरगं, पण डोकं बघा. हे असं समजून शिकायला आम्हीच शिकवलं."

मी खाली बसायला हवं होतं. तीच सवय होती. पाय वाकले नाहीत.

मी म्हणालो, "सर, मी शेतकऱ्याचा न्हाई. माझा बाप मेंढरं राखायचा. आन् हे उदाहरण माझं न्हाई. केसरचं हाय. तुमच्याच वर्गात तिनं सांगितलं होतं. तुम्ही तिला हसलात. मी तिला चूक म्हणालो."

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. चिडले नव्हते. खरंच आठवत होते.

"कोण केसर?" ते म्हणाले.

माझा सगळा राग तिथंच विझला आणि त्याच्या जागी काहीतरी जास्त वाईट आलं. हा माणूस विसरू शकला होता. त्याला ती मुळात दिसलीच नव्हती. मला दिसली होती. मला तिचं उत्तर कळलं होतं. त्या वर्गात ते बरोबर आहे हे माहीत असलेला मी एकटा होतो.

नंतर आमचे विभागप्रमुख मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता कावून उकरायलात सर हे सगळं?"

मी म्हणालो, "पुस्तिकेत तिचं नाव टाका."

"टाकू. पण नावाच्या पुढं काय लिहू? डिग्री तं पायजे."

"एम.एस्सी. नापास लिहा. कुणी केली ते बी लिहा. दोघांची नावं, सरांचं आन् माझं."

ते हसले, मी थट्टा करतोय असं वाटून. मग हसायचे थांबले. पुस्तिका त्या उदाहरणाशिवाय छापली गेली. तसं लिहिल्याशिवाय मी ते छापू दिलं नाही.

आता वर्गात मी ते तिच्या नावानं सांगतो. कुणी विचारलं तर तिच्या नापासाचंही सांगतो, आणि माझ्या 'चूक हाय' या दोन शब्दांचंही. स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या सिद्धतेचे गुण मी कापत नाही, कापू देत नाही. यावरून विभागात भांडणं होतात. होऊ देत.

पण यानं काही फिटत नाही. वर्गातल्या पोरांना खरं सांगणं सोपं आहे, ती माझ्याकडं मान वर करून बघतात. केसर गेवराई तालुक्यातच दिलेली आहे. तिचं सासर कुठलं ते मला कित्येक वर्षांपासून माहीत आहे. केजहून अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. मी गेलो नाही. तिला मुलं असतील, सुना असतील. मॅट्रिकनंतर इतकं शिकून ती नापास होऊन परत आली, एवढंच त्यांना ठाऊक असेल.

मला तिच्या दारात जायचं आहे. तिच्या घरच्यांसमोर उभं राहून सांगायचं आहे की ती नापास झाली नव्हती, तिला नापास केलं, आणि त्यात मी होतो. ती ऐकेल की नाही, तो तिचा प्रश्न. माफी मी मागणार नाही, तीही तिच्याकडून काहीतरी घेणंच होईल.

मी अजून गेलेलो नाही. तिच्यासमोर 'तुझं बरोबर होतं' म्हणायचं राहिलं आहे. एवढं मी तिचं देणं लागतो.