रोहिदासमामाचं सेशन

घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी स्वतः हसायचो, त्यामुळे लिहिताना संकोच वाटतोय... तरी जसं घडलं तसं लिहितो.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे, राहायला सुरतेत, गोडादऱ्याला. उधन्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी इंटर्न होतो. कारखान्यातल्या कामगारांना रजेचा अर्ज ऑनलाइन करता यावा, अशी वेबसाइट आम्ही बनवत होतो. माझ्याकडे टेस्टिंग. माझा प्रोग्राम आपोआप ब्राउझर उघडायचा, एका कामगाराच्या नावाने लॉगिन करायचा, रजेचा फॉर्म नुसता उघडून बघायचा आणि लॉगआउट करायचा. लॉगिन ते लॉगआउट म्हणजे एक सेशन. प्रत्येक टेस्टला ते कोरं हवं, आधीच्याचं काही उरायला नको.

खऱ्या कामगाराचं नाव टाकलं तर त्याला उगाच मेसेज जातील, म्हणून मी रोहिदासमामाचं टाकलं. मामा कापडाच्या लूमवर कामाला होता. दोन वर्षांपूर्वी वारला.

शुक्रवारी डेमो होता. सगळ्या टेस्ट पास झाल्या तर माझी नोकरी पक्की. गुरुवारी दुपारी टेस्ट फेल — ‘हा युजर आधीच लॉगिन आहे.’

“अल्या, लॉगआउट भूली गयो ने?” माझे सिनियर हितेशभाई हसले. “पहले अपने मामा को घर भेज!”

मी सर्व्हरवरून सेशन तोडलं, ब्राउझरने साठवलेल्या कुकीज पुसल्या, कॉम्प्युटर बदलला. पाच मिनिटांत सेशन पुन्हा चालू. मग टेस्टने काढलेला स्क्रीनशॉट उघडला. फॉर्म भरलेला होता. माझ्या प्रोग्राममध्ये फॉर्म भरायची ओळच नव्हती! रजेचं कारण — ‘आई वारली. गावी जाणे.’

जिन्यात जाऊन आईला फोन केला. आजी गेली तेव्हा मामा गावी आला होता का, एवढंच विचारलं. मी तेव्हा लहान होतो.

“नही रे भाऊ... शेठनी रजाच दिन्ही नही त्याले.”

परत येऊन मॅनेजरच्या लॉगिनने पाहिलं. अर्ज मंजुरीसाठी आलेला होता. मंजूर करावा असं मनात आलं. पण मंजूर करूनही सेशन चालूच राहिलं तर? डेमो उद्यावर होता... मी मंजुरी न देता मामाच्या नावाचा तो युजरच डिलीट केला.

सेशन परत आलं नाही. डेमो झाला, नोकरीही लागली. हितेशभाई म्हणतात, कुणीतरी मस्करी केली असेल. पण अर्ज कुठल्या कॉम्प्युटरवरून भरला, ती जागा सर्व्हरच्या नोंदींत, लॉगमध्ये, रिकामी आहे. मी कितीदा तरी तपासलं. मला अजून कारण सापडलेलं नाही.

घरी आईला अर्जाचं सांगितलं. ती म्हणाली, “मंग तू तरी दिन्ही ना भाऊ त्याले रजा?”

मी हो म्हटलं.