जयंतीची गाणी

पंडरी बाजारातल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात ते म्हातारे काका एकदाच आले. स्क्रीन नसलेला छोटा कॉम्प्युटर त्यांनी गमछ्यात गुंडाळून पोटाशी धरला होता.

"भैया, यावर दिवसरात्र चालन असं टोरेंटचं हलकं सॉफ्टवेअर कोणतं?"

त्यांच्या बायकोनं जयंतीच्या मिरवणुकीत गायलेली गाणी मुलानं टोरेंटवर, म्हणजे लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फायली घेतात तिथे, टाकली होती. आता मायलेक दोघंही हयात नव्हते आणि घरची हार्डडिस्क जळाली होती. कुणी ती गाणी उतरवून ठेवली असतील, तर त्याच्याकडूनच परत मिळणार होती.

फोनवरून बघता येईल असं एक सॉफ्टवेअर मी टाकून दिलं. त्यात गाणी देणारे कॉम्प्युटर शून्य दिसत होते.

"कोणी तं कधी आपला कॉम्प्युटर लावन ना?" गमछ्यानं मशीन पुसत ते म्हणाले.

"वर्षं लागतील, काका. कदाचित कुणी नसेलही."

"हव," ते म्हणाले. "पण मी गेल्यावर हे चालू कोण ठेवन?"