मामीनं ऐकवलेली भाषणं

मी शिकवते त्या शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन वाजला आणि मामीचा आवाज एवढा मोठा आला, की शेजारच्या बाईंनी जेवता जेवता मान वर केली. "तुझे मामा गेले गं… जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत." मामी कायमच अशी मोठ्यानं बोले. ऐकू न येणाऱ्या माणसाबरोबर संसार केलेल्या बाईचा आवाज होता तो. मग अगदी हलक्या स्वरात, मला नाही, जणू स्वतःलाच म्हणाली, "आता हळू बोललं तरी चालेल मला…" या गोष्टीला काही आठवडे झाले. तिचं ते वाक्य अजून माझ्या आसपास तरंगत असतं.

भिकनमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. धुळे जिल्ह्यातल्या आमच्या गावातून ते फौजेत गेले, तोफखान्यात. तोफांच्या जवळ राहून राहून त्यांचे कान हळूहळू मिटत गेले. निवृत्त होऊन ते सुरतेतल्या उधन्याला आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा थोडंफार ऐकू यायचं, मग तेही जवळजवळ गेलं; कानाशी ओरडलं तर शब्द तेवढे पोचत. जवळच्या सचिन गावातल्या एका कापडाच्या कारखान्यात त्यांनी बरीच वर्षं पहारेकऱ्याची नोकरी केली. मागे यंत्रांचा खडखडाट चाललेला, बाकीचे कामगार एकमेकांच्या कानाशी ओरडताहेत आणि मामा फाटकापाशी खुर्ची टाकून शांत बसलेले, तळ्याच्या काठी बसावं तसे. मी एकदा कानाशी ओरडून विचारलं, "मामा, कंटाळा नाही येत?" माझ्याशी, शाळेतल्या मास्तरणीशी, ते अहिराणी सोडून मुद्दाम पुस्तकी मराठी बोलत. म्हणाले, "स्वप्नात सगळं ऐकू येतं मला. काल बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकल्या. दिवसभर पुरतं तेवढं."

निवडणूक आली की मामांना आमंत्रणं येत. कुठलाही पक्ष असो, सभेत पहिल्या रांगेत माजी सैनिक हवेच असत. मामा पदकं लावून, टोपी नीट बसवून जात आणि मामी त्यांच्या डाव्या बाजूला बसे. व्यासपीठावरून सीमा, शत्रू, बलिदान असा गडगडाट चाले आणि मामी तो सगळा त्यांच्या कानात अहिराणीत उतरवे, चांगला आटवून. "काय म्हनस तो?" मामा विचारत. "जवानस्ना अभिमान शे म्हनस." मग पुन्हा लांबलचक भाषण. "आते काय म्हनस?" "तेच." मामा हसत आणि सगळ्यांच्या थोडं मागाहून टाळ्या वाजवत. त्या मंडपात, झालरींच्या रंगीत उजेडात, ते दोघं मला वेगळ्याच कुठल्यातरी सभेला बसल्यासारखे वाटत…

गेल्या निवडणुकीत मात्र वेगळं घडलं. मामांचे फौजेतले सोबती युवराज सुरतेबाहेर चलथाणला राहतात. सुरुंगावर पाय पडून त्यांचा एक पाय गुडघ्यापासून गेलेला, आणि आता दुसराही साथ देईना. सुरतेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात यायचं तर दोनदा बस बदलायची, कुबड्या घेऊन चढायचं, उतरायचं. त्यांनी जाणंच सोडून दिलं होतं. मामा त्यांना भेटून आले आणि दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं त्यांचं. मग आमच्या सोसायटीच्या मैदानात सभा झाली. देशाच्या सुरक्षेवर माजी सैनिकानं दोन शब्द बोलावेत म्हणून आयोजकांनी माईक मामांच्या हातात दिला. मामा आपल्या फौजी हिंदीत, फारच मोठ्यानं बोलले. सुरक्षेबद्दल तुम्ही चांगलंच बोलला असाल, म्हणाले, मला ऐकू आलं नाही. पण चलथाणला माझा सोबती आहे, त्याच्यासारखे आणखी आहेत. त्यांना दवाखान्यात न्यायला एक गाडी सुरू कराल का?

उमेदवारानं हात जोडून लांब उत्तर दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा मामीकडे वळले. "काय म्हनस?" माईक अजून मामांच्या हातातच होता आणि मामीला त्याचं भान नव्हतं. "गोड बोलस," तिचा आवाज सगळ्या मैदानात घुमला, "गाडीनं काहीच बोलना नई." गाडीचं तो काहीच बोलला नाही, हे सगळ्यांना कळलं आणि मोठा हशा पिकला. उमेदवार ओशाळून म्हणाला, "देखेंगे, काकी." मामांनी पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "देखसू म्हनस," मामी म्हणाली. मामा खाली बसले. चारच दिवसांनी दुसऱ्या पक्षाची सभा झाली, तिथेही त्यांनी हाच प्रश्न विचारला. तिथलंही उत्तर मामीनं 'देखसू' असंच ऐकवलं.

काही लोकांना हे आवडलं नाही. देशासाठी लढलेला माणूस गाडी मागत फिरतो, असं बोलणं सुरू झालं. एक शेजारी तर मामांना पाहून मान फिरवायला लागला. ऐकू न येणाऱ्याला फिरवलेली मान जास्त दिसते. मी समजूत घालायला गेले, तर मामा गॅलरीत बसले होते. म्हणाले, "युवराज पडला तेव्हा आम्ही चौघांनी त्याला उचलून खाली आणलं. वरून मारा चालू होता. आपण पडलो तर मागचे उचलतील, हे माहीत असतं म्हणून माणूस पुढे पाऊल टाकतो, बेटा. सुरक्षा म्हणतात ती तिथून सुरू होते. त्यात मी वेगळं काय मागितलं?"

निवडणूक झाली. गाडी आली नाही, अजूनही आलेली नाही. पण त्या मैदानात दिनकर नावाचे एक गृहस्थ उभे होते. फौजेत ट्रक चालवलेले, आता सचिनहून कापडाचे ताके वाहणारा टेम्पो चालवतात. ते घरी आले आणि म्हणाले, "गुरुवारी माझा टेम्पो सकाळी रिकामा असतो." तेव्हापासून दर गुरुवारी ते मामांना घेऊन चलथाणला जात आणि युवराजमामांना उचलून दवाखान्यात आणत. अशाच एका फेरीत डॉक्टरांनी मामांचेही कान तपासले आणि काही दिवसांनी नवं यंत्र बसवलं. त्या संध्याकाळी मी तिथेच होते. मामीनं नेहमीसारखं ओरडून विचारलं, "चहा लेतस का?" मामा दचकले. तिच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं त्यांच्या मनात तिचा जो आवाज होता, तो तरुणपणचा होता. "हाऊ तुना आवाज शे?" त्यांनी विचारलं. मामी लाजली. मामांनी यंत्र काढलं, तळहातावर धरलं आणि पुन्हा कानात घातलं. "आखो बोल," म्हणाले. "काही बी बोल." आणि मामी चुलीवर उतू जाणाऱ्या दुधासारखी भडाभडा बोलत सुटली… पण हळू आवाजात. दोन महिने मिळाले त्यांना असे; यंत्र काढलं की मात्र तिला पुन्हा ओरडावं लागे.

परवा गुरुवारी मला सुट्टी होती. सकाळी टेम्पो कोपऱ्यावर थांबला. मला वाटलं, सवयीनं थांबला असेल. एवढ्यात मामी जिना उतरून खाली आली, हातात जेवणाचा डबा. दिनकरभाऊंनी मागचं फळकं खाली पाडलं. आत आता बारडोली रस्त्याकडचे आणखी दोन म्हातारे सैनिक येऊन बसणार होते, त्यांच्यासाठी तिनं जुनं पांघरूण दुमडून अंथरलं. "मामी, तू कशाला जातेस?" मी विचारलं. "युवराजभाऊस्ना कुबड्या कोन धरी?" ती म्हणाली, आणि दिनकरभाऊंचा हात धरून वर चढली.