चाळिसावा साक्षीदार

ते चाळीस साक्षीदार मला आजही आठवतात, आणि त्यांत एकही माणूस नव्हता.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी आदिलाबादला इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि तामसीकडची एक मुलगी वडिलांसोबत ठाण्यात आली. शिक्षिका म्हणून तिची निवड झाली होती. आठ दिवसांत मूळ प्रमाणपत्रं दाखवायची होती, नाहीतर जागा दुसऱ्याला. पण ती तिने आधीच नोकरी लावून देणाऱ्या एका कार्यालयाला पोस्टाने पाठवली होती आणि ती परत द्यायला तिथले लोक आता रक्कम मागत होते. पत्ता म्हणून हैदराबादचा नुसता पोस्ट बॉक्स नंबर.

"मूळ कागद पाठवलेस कशाला?"

"साहेब, कॉम्प्युटरवर शोधलं तं सगळ्यात वर तेच नाव आलं. मले वाटलं, मोठं हापिस असंल."

वडील म्हणाले, "आमच्या घरात हे पयलीच शिकली, साहेब. तेवढे कागदच हायेत आमच्यापाशी."

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. बसस्टँडजवळ क्लास चालवणाऱ्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "इंटरनेटवरच्या ज्या पानाचं नाव दुसरी पानं जास्त सांगतात, ते शोधात वर येतं."

"म्हणजे साक्षीदार. हजर करा सगळ्यांना."

बाईंनी एकेक पान उघडलं. चाळीस निघाली. जवळपास सगळीकडे तीच स्तुती, तीच वेलबुट्टी. मला हसू आलं. ही मंडळी माझ्या ओळखीची होती. नवा फौजदार असताना प्रत्येक पंचनाम्यावर मी ठाण्यासमोरच्या त्याच दोन चहावाल्यांच्या सह्या घ्यायचो. भर कोर्टात मॅजिस्ट्रेटनी विचारलं होतं, "हे दोघे तुमच्या ठाण्यातच राहतात का?" केस पडली, मान खाली गेली. तेव्हापासून मी सह्या मोजत नाही, त्या कोणाच्या ते बघतो.

चाळिसावं पान मात्र वेगळं होतं. कोणीतरी हौसेने घरच्यांचे फोटो लावले होते आणि खाली लिहिलं होतं की, आमच्या साडूंचं कार्यालय मंचेरियलला, स्टेशनसमोर, शिंप्याच्या दुकानावर आहे.

दुसऱ्या दिवशी तिथल्या ठाण्याची मदत घेऊन छापा घातला. कपाटभर प्रमाणपत्रं सापडली. आरोपी तोऱ्यात म्हणाला, "साहेब, मशीननंच मले वर बसवलं. माझा काय गुन्हा?"

मी त्या चाळीस पानांची यादी पुढे ठेवली. "यातली तू किती बनवलीस?"

त्याने यादी बाजूला सरकवली.

"आणि हे शेवटचं?"

त्याने त्यावरची पत्त्याची ओळ वाचली. "साडूनं लिवलं. मी सांगतलं नव्हतं, साहेब. त्यानं कौतुकानं लिवलं." मग सगळा जबाब सरळ आला.

त्या पंचनाम्याला मी एक रेल्वेचा कारकून आणि एक हायस्कूलचे मास्तर घेतले, दोघेही मला अनोळखी. कोर्टाच्या हुकमाने मुलीचे कागद मुदतीच्या दोन दिवस आधी तिच्या हाती दिले. माझ्या नोकरीत बक्षिसं बरीच मिळाली, पण त्या दिवसासारखी छाती कधी फुगली नाही.

वर्षभराने तिच्या शाळेत चोरी झाली. पंच म्हणून तिलाच बोलावलं. सहीच्या जागेवर मी बोट ठेवलं, तर तिने कागद स्वतःकडे ओढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.

"वाचल्याबिगर सही नाई करत मी आता, साहेब," ती म्हणाली, आणि माझ्या पंचनाम्यातली, तिने स्वतः न पाहिलेली एक गोष्ट तिने मला खोडायला लावली. मी ती खुशीने खोडली.